फसवी ई-पत्रे आणि मनुष्यस्वभाव

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण मराठी माणसाच्या ओठी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीत जगाच्या फसण्याचे कारण वस्तूच्या बाह्य रूपात सांगितले आहे. परंतु एकच फसवे पत्र शंभर जणांच्या हाती पडले असता नव्वद जण ते दूर सारतात आणि उरलेल्यांपैकी काही जण मात्र त्यातील मजकुरावर विश्वास ठेवून आपली पुंजी गमावून बसतात, असे का व्हावे? पत्राचे रूप तर सर्वांना सारखेच दिसलेले असते. या प्रश्नाचे उत्तर पत्रात जितके आहे, तितकेच ते वाचणाऱ्याच्या स्वभावात आहे. संगणक आणि भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचलेल्या आजच्या काळात या विषयाची माहिती प्रत्येक नागरिकास असणे अगत्याचे झाले आहे. चोर कुलूप फोडण्याऐवजी घरमालकाकडूनच किल्ली मागून घेऊ लागला असेल, तर कुलपाइतकाच घरमालकाच्या मनाचाही विचार करणे भाग आहे.

जुनी कला, नवे साधन

पत्राद्वारे फसविण्याची कला ई-मेलहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समधील विदॉक हा प्रथम गुन्हेगार आणि पुढे पोलीस खात्याचा अधिकारी झालेला गृहस्थ. त्याच्या १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आठवणींत 'जेरुसलेमची पत्रे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लबाडीचे वर्णन आहे. तुरुंगातील कैदी बाहेरच्या धनिकांस पत्र लिहीत, आपल्या धन्याने दडवून ठेवलेल्या ठेव्याची कहाणी सांगत आणि तो ठेवा मिळवून देण्यासाठी थोडी रक्कम आगाऊ मागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रकार 'स्पेनचा कैदी' या नावाने युरोप-अमेरिकेत पसरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायजेरियातून टपालाने, पुढे फॅक्सने आणि त्यानंतर ई-मेलने येणाऱ्या पत्रांना तेथील दंडसंहितेच्या कलमावरून '४१९' हे नाव पडले. पात्रे बदलली, कथानक तेच राहिले.

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत 'फिशिंग' हा शब्द रूढ झाला. गळाला आमिष लावून मासा पकडावा, तसे खोटे पत्र पाठवून लोकांचे सांकेतिक शब्द काढून घेणे, असा त्याचा अर्थ. मे २००० मध्ये प्रेमपत्राचा देखावा करणारे एक विषाणूयुक्त ई-पत्र फिलिपाइन्समधून निघाले आणि थोड्याच दिवसांत जगातील लक्षावधी संगणकांत शिरले. त्या पत्राच्या शीर्षकात 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' या अर्थाचे शब्द होते. ते कोणी पाठविले, हे जाणून घेण्याचा मोह मोठमोठ्या कचेऱ्यांतील माणसांनाही आवरला नाही.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानी घेतली पाहिजे. टपालाच्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ई-पत्राचे मूळ स्वरूपही तसेच आहे. पडद्यावर दिसणारे प्रेषकाचे नाव पाठविणाऱ्याने स्वतः निवडलेले असते. त्याचप्रमाणे मजकुरातील निळ्या अक्षरांत बँकेचे नाव दिसले, तरी त्यावर बोट ठेवल्यावर उघडणारे पान भलत्याच ठिकाणचे असू शकते. बनावट प्रेषक ओळखण्याच्या यांत्रिक चाळण्या आता पुष्कळ सुधारल्या आहेत. तथापि त्यांतून निसटून आलेल्या पत्राचा अखेरचा निवाडा वाचणाऱ्यालाच करावा लागतो.

स्वभावाचे पाच पैलू

मनुष्याच्या व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप करताना मानसशास्त्रज्ञ सामान्यतः पाच गुणांचा विचार करतात. लुईस गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये या पंचकास 'बिग फाइव्ह' असे नाव दिले. कर्तव्यदक्षता, सौजन्यशीलता, बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची उत्सुकता, असे हे पाच गुण होत. प्रत्येकात ते कमीअधिक प्रमाणात असतात आणि त्यांपैकी कोणताही मुळात दोष नव्हे. फसवे पत्र लिहिणारा यांपैकी कोणत्या ना कोणत्या गुणास हात घालतो, ही ध्यानात घेण्याची गोष्ट आहे.

भावनिक अस्थिरता अधिक असलेल्या व्यक्तीस काळजी लवकर वाटते. 'आपले खाते आज सायंकाळी बंद होईल', 'आपल्या नावावर गुन्हा नोंदविला गेला आहे' अशी पत्रे अशा मनास तत्काळ हलवितात. अलीकडच्या काळात पोलीस व सायबर यंत्रणांच्या नावाने, बनावट शिक्के आणि सह्या असलेली समन्सपत्रे ई-मेलने पाठवून नागरिकांना धाकदपटशा दाखविण्याचे प्रकार घडले असून ती पत्रे खोटी असल्याचे केंद्र शासनाने वेळोवेळी जाहीर केले आहे. त्झिपोरा हलेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना बक्षिसाचे आमिष दाखविणारे चाचणी-पत्र पाठविले होते. त्यास प्रतिसाद देणे आणि भावनिक अस्थिरता यांचा संबंध विद्यार्थिनींच्या बाबतीत त्यांना आढळून आला.

सौजन्यशील मनुष्य दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि नकार देताना संकोचतो. परगावी अडकलेल्या मित्राच्या नावाने आलेली मदतीची याचना किंवा 'मी बैठकीत आहे, बोलता येत नाही, एवढे काम त्वरित करावे' असे वरिष्ठाच्या नावाने आलेले पत्र याच वृत्तीवर विसंबून लिहिलेले असते. बहिर्मुख मनुष्याचा स्नेहसंबंध मोठा असतो. तो समाजमाध्यमांवर आपला प्रवास, नोकरी, कुटुंबातील समारंभ यांची वार्ता मोकळेपणाने देतो आणि तीच माहिती पुढे त्याच्याच नावे लिहिलेल्या पत्रात खरेपणाचा पुरावा बनून येते. नव्या अनुभवांची उत्सुकता असलेला मनुष्य अनोळखी जोडपत्र उघडून पाहण्यास अधीर असतो. मात्र हीच उत्सुकता त्याला नव्या फसवणुकींची माहिती मिळविण्यासही प्रवृत्त करू शकते.

राहिली कर्तव्यदक्षता. व्यवस्थितपणे आणि वेळेवर काम करणारा मनुष्य फसणार नाही, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हलेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका संस्थेतील कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात या समजास धक्का बसला. व्यक्तिगत माहितीचा आधार घेऊन लिहिलेल्या चाचणी-पत्रास प्रतिसाद देण्याशी ज्या घटकाचा सर्वाधिक संबंध आढळला, तो कर्तव्यदक्षता हाच होता. त्याचा उलगडा अवघड नाही. कचेरीतून आलेल्या भासणाऱ्या सूचनेचे पालन ताबडतोब करावे, हे तर अशा मनुष्यास वळणच पडलेले असते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. आपण फसण्याचा संभव कमी आहे असे ज्यांना वाटत होते, तेच अधिक प्रमाणात फसले.

सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही येथे नमूद करणे इष्ट ठरेल. एका प्रकारच्या पत्रास जो बळी पडतो, तो दुसऱ्या प्रकारच्या पत्राकडे ढुंकूनही पाहणार नाही. यास्तव 'अमुक स्वभावाची माणसे फसतात' असा शिक्का मारण्यापेक्षा कोणत्या स्वभावास कोणते आमिष लागू पडते, असा विचार करणे अधिक सयुक्तिक होय.

मनाच्या कळा

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मन वळविण्याची सहा तत्त्वे सांगितली. उपकाराची परतफेड करण्याची ओढ, एकदा दिलेल्या शब्दाशी सुसंगत वागण्याची धडपड, इतर करतात तसे करण्याची वृत्ती, आवडत्या व्यक्तीचे म्हणणे मानणे, अधिकारापुढे नमणे आणि दुर्मिळ वस्तूविषयीचे आकर्षण, ही ती सहा तत्त्वे. व्यापारी आणि विमेदार यांना ही तत्त्वे अनुभवाने ठाऊक असतात. भामट्यांनाही ती तशीच ठाऊक असतात. 'मर्यादित मुदत', 'आपल्या परिसरातील अनेकांनी लाभ घेतला', 'प्रथम केवळ नोंदणी शुल्क' ही वाक्ये आठवून पाहिली, म्हणजे कोणती कळ दाबली जात आहे हे वाचकांच्या लक्षात येईल.

यांपैकी अधिकाराचा प्रभाव किती खोल असतो, हे येल विद्यापीठात स्टॅन्ले मिल्ग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून समोरच्या खोलीतील व्यक्तीस विजेचे वाढते झटके द्यावयाचे, असे प्रयोगात सहभागी झालेल्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात झटके बसत नव्हते, पण देणाऱ्यांना ते खरेच वाटत होते. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगातील ४० जणांपैकी २६ जण अखेरच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. मनातून अस्वस्थ असूनही सामान्य, सुस्वभावी माणसे केवळ अधिकाराच्या वाणीमुळे थांबू शकली नाहीत. मग बँक, आयकर खाते वा पोलीस यांच्या नावाने आलेल्या पत्रापुढे एखादा निवृत्त शिक्षक गोंधळला, तर त्यात नवल ते काय?

ओळखीच्या नावाचा महिमा

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात २००५ च्या एप्रिलमध्ये झालेला प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. विद्यार्थ्यांना दोन प्रकारे चाचणी-पत्रे पाठविण्यात आली. अपरिचित नावाने आलेल्या पत्रास १६ टक्के विद्यार्थी बळी पडले. तेच पत्र मित्राच्या नावाने आल्यावर हे प्रमाण ७२ टक्के झाले. मित्र कोण, हे संशोधकांनी समाजमाध्यमांवरील सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरूनच शोधून काढले होते.

मोठमोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये वळवून लुटण्यात आले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये उघड केलेल्या आरोपपत्रानुसार या कटाची सुरुवात २०१५ च्या प्रारंभी बँकेच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या साध्या ई-पत्रांनी झाली होती. एक तरुण नम्रपणे नोकरी मागतो आणि आपली माहिती एका दुव्यावर ठेवल्याचे सांगतो, एवढाच त्यांचा आशय होता. ऑस्ट्रियातील विमानांचे भाग बनविणाऱ्या एफएसीसी या कंपनीस मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावाने आलेल्या खोट्या ई-पत्रामुळे सुमारे ५ कोटी युरोचा फटका बसल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा 'कार्यालयीन ई-पत्र' फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होते. येथे कोणी लॉटरीच्या लोभाने फसले नाही. आपले काम चोख बजावण्याच्या भरात माणसे फसली.

भामटा माणसे कशी निवडतो?

काही फसवी पत्रे इतकी बाळबोध असतात की, ती वाचून हसू येते. परदेशातील राजपुत्राची कोट्यवधींची संपत्ती आपल्या खात्यात येणार, यावर विश्वास कोण ठेवील, असे वाटते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचा उलगडा केला. लाखो पत्रे पाठविण्यास खर्च जवळजवळ नाही. खरा खर्च उत्तर देणाऱ्यांशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करण्याचा आहे. चाणाक्ष माणसे मध्येच सावध झाली, तर भामट्याचे ते श्रम वाया जातात. म्हणून पहिलेच पत्र असे असावे की, शंका घेणारे आपण होऊन गळून जावेत आणि पूर्ण विश्वास ठेवणारेच उरावेत. सुपात पाखडून घ्यावे, तशी ही निवड असते. एकदा उत्तर देणाऱ्यास पुनःपुन्हा पत्रे का येऊ लागतात, याचेही कारण यातच आहे.

दुसरीकडे, नेमक्या व्यक्तीसाठी लिहिलेली पत्रे आता पूर्वीहून अधिक सफाईदार होऊ लागली आहेत. अशुद्ध भाषा हे फसव्या पत्राचे लक्षण मानले जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे निर्दोष इंग्रजी, हिंदी वा मराठी मजकूर क्षणार्धात तयार होऊ शकतो. सबब केवळ शुद्धलेखनावरून पत्राची पारख करणे यापुढे धोक्याचे ठरेल.

घाईचा घटक

स्वभावाइतकाच प्रसंगही महत्त्वाचा असतो. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका छोट्या चाचणीतील प्रश्न प्रसिद्ध आहे. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये पडतात व बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, असे आपण धरू. तर चेंडूची किंमत किती? बहुतेकांच्या तोंडून चटकन '१० रुपये' असे उत्तर निघते. क्षणभर थांबून हिशोब केला, तर ते ५ रुपये असल्याचे कळते. हे उत्तर काढण्यास विद्वत्ता लागत नाही, केवळ पहिल्या उत्तरावर थांबावयाचे नाही एवढा संयम लागतो. फसव्या पत्राचा सारा भर हा संयम मोडण्यावर असतो. त्यात मुदत घातलेली असते ती त्यासाठीच. दिवसाकाठी शंभर पत्रे चाळणारा कारकून, आजारी माणसाच्या उशाशी बसून भ्रमणध्वनी पाहणारी मुलगी, पगार लांबल्याने चिंतेत पडलेला कामगार, या सर्वांची त्या घटकेपुरती सावधता उणावलेली असते. एरवी शांत स्वभावाचा मनुष्यही अशा वेळी चुकतो.

स्वभावानुसार सावधगिरी

स्वभाव एका दिवसात पालटत नाही, पण तो ओळखून सवय लावून घेता येते. ज्यांना काळजी लवकर ग्रासते, त्यांनी भीती घालणारे पत्र आल्यास तासभर काहीही न करता ते घरातील दुसऱ्या व्यक्तीस दाखवावे. ज्यांना नकार देणे जड जाते, त्यांनी मदत मागणाऱ्यास आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर करू नये. ज्यांचा गोतावळा मोठा आहे, त्यांनी जन्मतारीख, प्रवासाचे बेत, कचेरीतील हुद्दे हा तपशील जगजाहीर करण्यापूर्वी विचार करावा. जिज्ञासूंनी अनोळखी जोडपत्र उघडण्याचा मोह टाळावा. आणि कर्तव्यदक्षांनी खातरजमा हाच कर्तव्याचा भाग मानावा. पैशाचा व्यवहार एकाहून अधिक सह्यांनी व्हावा, ही कचेऱ्यांतील जुनी शिस्त कर्मचाऱ्यांवरील अविश्वासातून आलेली नसून, एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडावी यासाठी आहे. ज्या वरिष्ठास हाताखालच्या माणसाने 'हे पत्र आपलेच ना?' असे विचारलेले रुचत नाही, तो आपली कचेरी भामट्यांसाठी मोकळी ठेवतो.

बँका वा आयकर खाते ई-मेलद्वारे सांकेतिक शब्द, पिन वा ओटीपी मागत नाहीत, हे सर्वांनी पक्के ध्यानात ठेवावे. पत्रातील दुव्यावरून न जाता बँकेचा पत्ता स्वतः टंकित करून संकेतस्थळ उघडावे. प्रेषकाचे केवळ नाव न पाहता पूर्ण पत्ता, विशेषतः 'ॲट' या चिन्हापुढील भाग, अक्षरन्‌अक्षर वाचावा.

फसल्यास काय करावे?

फसवणूक झाल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात; कारण गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते व मध्येच अडविता येऊ शकते. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे, आपल्या बँकेस सूचना द्यावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर अथवा नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. मूळ पत्र पुसून टाकू नये. तोच पुरावा होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या सुधारणेने घातलेल्या कलम ६६-घ अन्वये, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असली, तरी बँकेस कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर राहील, असे तत्त्व घालून दिले. म्हणजे कळविण्यातील विलंब हा थेट पैशातील तोटा आहे.

तरीही पुष्कळजण कळवीत नाहीत. याचे मुख्य कारण लाज हे आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे म्हणून वडील मुलांपासून आणि मुले वडिलांपासून झालेली गोष्ट लपवितात. लोक हसतील, 'एवढे शिकलेले असून फसलात कसे?' असे विचारतील, ही भीती असते. भामट्यास नेमके हेच हवे असते. गप्प राहिलेल्या माणसाची रक्कम परत मिळत नाही आणि त्याच गळाने शेजारचाही पकडला जातो. वर वर्णिलेल्या संशोधनाचे खरे मोल येथे आहे. विश्वास ठेवणे, आज्ञा पाळणे, अडल्यास मदत करणे, दिलेले काम वेळेवर करणे, या गुणांवरच कुटुंबे आणि कचेऱ्या चालतात. त्या गुणांचा कोणी गैरफायदा घेतला, तर दोष गैरफायदा घेणाऱ्याचा आहे. फसलेल्या माणसास घरच्यांनी प्रथम धीर द्यावा, लगोलग १९३० हा क्रमांक फिरवावयास मदत करावी आणि चुकीची चर्चा मागाहून करावी. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' हे खरे व्हावयाचे, तर पुढच्याने आपल्याला ठेच लागल्याचे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे आणि ते सांगता येईल असे वातावरण घरात, कचेरीत व गावात निर्माण करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.